ओली भिंत आणि दिवाळीची सफेदी

संस्कृतात सुधा म्हणजे अमृत, आणि सुधा म्हणजेच चुनाही. ज्या वास्तूला ही दुसरी सुधा लावलेली असते ते सौध. मराठी कवितेत सौध हा शब्द महाल, प्रासाद या अर्थाने पुष्कळ वावरला; त्याच्या पोटात चुना आहे, हे मात्र विसरले गेले. चुना हा शब्दही तसा साधासुधा नव्हे. तो चूर्णाचा वंशज. पण पुढे त्याच्या वाट्याला आला तो 'चुना लावणे' म्हणजे फसवणे हा वाक्प्रचार. अमृतापासून फसवणुकीपर्यंतचा हा प्रवास भाषाशास्त्रज्ञांनी आपल्या पद्धतीने उलगडावा. मला येथे एवढेच पाहायचे आहे की, मुंबईपासून गोव्यापर्यंतच्या उष्ण आणि दमट पट्ट्यात घराच्या भिंती रंगवण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या ज्या पदार्थाच्या आधाराने चालले, तो पदार्थ बदलला तेव्हा त्या कामाच्या वेळापत्रकाचे काय झाले. कारण वेळापत्रक बदललेले नाही. दिवाळी आली की आपण आजही रंग काढतो. प्रश्न एवढाच की, हा मुहूर्त मुळात कोणत्या रंगासाठी होता?

कोकणातल्या भिंतीची प्रकृती आधी समजून घेतली पाहिजे. ही भिंत बहुधा जांभ्याची. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, आणि हवेत राहून कठीण होतो. पण कठीण झाला तरी त्याच्या अंगातली छिद्रे बुजत नाहीत. जूनपासून चार महिने वाऱ्यासोबत येणारी झड पश्चिमेकडच्या भिंतीवर आदळत राहते आणि दगड पाणी पितो. पाया जमिनीतूनही ओल वर ओढतो. म्हणून तर पावसाआधी भिंतींच्या उघड्या बाजूंना माडाच्या झावळ्यांचे झाप बांधण्याची रीत होती, आणि म्हणूनच जुन्या घरांना लांब पागोळ्या आणि चारी अंगांनी पडव्या असत. एवढे करूनही पाऊस सरतो तेव्हा भिंत आतून ओलीच असते. हवामान खात्याने २०२० साली सुधारलेल्या तारखांप्रमाणे मुंबईतून मोसमी पाऊस सरासरीने ८ ऑक्टोबरला परततो. लक्ष्मीपूजन ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत केव्हाही येते. म्हणजे पाऊस आणि पणत्या यांच्यामध्ये कधी पाच आठवडे मिळतात, तर कधी जेमतेम आठ-दहा दिवस. जाड जांभ्याची भिंत आतपर्यंत सुकायला महिनोन्‌महिने लागतात. वर ऑक्टोबरचे ऊन असे की बाहेरचा पृष्ठभाग दुपारी तापून निघतो, आणि पहाटे पुन्हा दव पडते. बाहेरून तापलेली, आतून भिजलेली अशी भिंत आपल्यापुढे रंगवण्यासाठी उभी असते.

आजचा कोणताही रंगाचा डबा हातात घ्या. त्यावर छापलेले असते की, भिंत पूर्ण कोरडी असावी. या सूचनेप्रमाणे वागायचे तर कोकणात दिवाळीला कोणीही रंगाला हात लावू नये. माघ-फाल्गुनापर्यंत वाट पाहावी. मग आपले पूर्वज इतके अडाणी होते काय, की त्यांनी नेमका चुकीचा मुहूर्त निवडला? तसे नाही. ते चुना लावत होते, आणि चुन्याला भिंत ओलीच लागते.

हे कसे, ते थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. चुनखडीचे दगड किंवा खाडीतले शिंपले भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सियसपर्यंत भाजले की त्यांतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुनकळी उरते. मुंबईतल्या चुनाभट्टी या उपनगराचे नाव अशाच भट्ट्यांची आठवण आहे. ही कळी पाण्यात टाकली की ती फसफसते, उकळते, फुटते आणि तिचा लोण्यासारखा मऊ गोळा होतो. जितके दिवस तो पाण्याखाली मुरेल तितका चांगला. रंगवण्याच्या वेळी तो दुधासारखा पातळ करायचा, फडक्यातून गाळायचा, त्यात थोडा डिंक, कुठे मीठ, कुठे भाताची पेज घालायची. भिंत खरवडून, झाडून, तिच्यावर पाणी शिंपडायचे आणि मग कुंच्याने पहिला हात द्यायचा. हा पहिला हात देताना नवशिक्याचा धीर सुटतो, कारण भिंतीवर काहीच दिसत नाही. ओला चुना जवळजवळ पारदर्शक असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र भिंत पांढरी होऊन बसलेली असते. रात्रभरात झालेले असते ते असे: चुन्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घ्यायला सुरुवात केलेली असते आणि हळूहळू तो पुन्हा दगड होऊ लागलेला असतो. भट्टीत जे गेले ते भिंतीवर परत येते. हे परत येणे ओलाव्याशिवाय होत नाही. भिंत कोरडी ठणठणीत असली, किंवा भर उन्हात हात मारला, तर पाणी उडून जाते, चुना दगड न होता नुसती भुकटी होऊन राहतो आणि भिंतीला टेकणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीवर उमटतो. उलट भिंत पाण्याने निथळत असेल तर हवा आत शिरायला जागा राहत नाही आणि चुना पक्का होत नाही. म्हणून भर पावसाळ्यात हे काम नको, आणि वैशाखातही नको. दमट हवा, ओलसर भिंत, पण वरून पाऊस नाही, असे दिवस हवेत. वर्षात असे दिवस नेमके कधी येतात, हे आता वाचकांना सांगण्याची गरज नाही.

जाणते कारागीर उन्हाच्या मागे मागे फिरत नसत, सावलीच्या मागे फिरत: सकाळी पश्चिमेची भिंत, दुपारनंतर पूर्वेची. एक जाड थर देण्यापेक्षा दोन-तीन पातळ हात देत. या सगळ्यामागे रसायनशास्त्राचे पुस्तक नव्हते. पण आश्विनातली सफेदी ही केवळ लक्ष्मीच्या स्वागताची भाविक तयारी होती, असे म्हणणे मला अपुरे वाटते. सणाची तिथी आणि चुन्याची गरज एकमेकींना सापडल्या होत्या. शिवाय चुना तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे चार महिन्यांत भिंतीवर चढलेली बुरशी आणि शेवाळ त्याने मरत असे. पावसाने घराला जे आजारपण आणले, त्यावरचा तो वार्षिक उतारा होता.

जुन्या भिंतींचे रंगही या अल्कधर्मानेच ठरवून दिले होते. चुन्यात मिसळल्यावर जो रंग जळत नाही, तोच भिंतीवर चढणार. पिवळी माती, गेरू, काजळी ही मंडळी चुन्यात सुखाने नांदतात. कपड्यांना घालायची नीळ चिमूटभर घातली की पांढरा अधिक पांढरा दिसतो, आणि अधिक घातली की भिंत आकाशी होते. याउलट प्रशियन निळ्यासारखा देखणा रंग चुन्यात टिकत नाही. पणजीच्या फोंताइनस भागातली पिवळी, तांबडी आणि निळी घरे पाहून पर्यटक हरखून जातात आणि त्यात पोर्तुगीजांची रसिकता शोधतात. रसिकता असेलही. पण त्या रंगपेटीतले मोजके रंग आधी चुन्याने निवडले, माणसांनी नंतर.

घाटावर हेच काम मातीने होई. गावाच्या वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात आणि शेतजमिनीला काळी. या पांढरीच्या मातीचा पोतारा दसरा-दिवाळीच्या सुमारास भिंतींवर फिरे, आणि तो फिरवणारे हात बायकांचे असत. उत्तर कोकणात वारली घरांच्या कारवीच्या कुडांना शेणमातीने लिंपून, गेरूचा हात देऊन, त्यावर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिला जाई, तोही सुवासिनींनीच. ते चित्र पुढच्या पावसाच्या दमट हवेत पुसट होत जाई आणि त्याचे कोणाला दुःख होत नसे, कारण चित्र लग्नासाठी होते, भिंतीसाठी नव्हते. १९७० च्या दशकात जिव्या सोमा म्हसे यांच्या हातून ते कागदावर आले, जगभर गेले, आणि मग प्रथमच ते टिकवण्याचा प्रश्न निर्माण झाला. टिकणे हा रंगाचा गुण आहे, ही कल्पना आपण वाटते तितकी जुनी नाही. ज्या कामाची दरवर्षी पुनरावृत्ती होणारच, त्याच्या टिकण्याचा हिशेब कोण ठेवतो? अर्थात या पुनरावृत्तीचे कष्ट कोणाच्या अंगावर पडत, हेही विसरू नये. चुन्याने हातांची कातडी फाटते, डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते. जुन्या सफेदीविषयी हळवे होऊन लिहिणाऱ्यांनी (त्यांत मीही आलो) हा भाग गाळू नये.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या घरगुती पांढऱ्या रंगात सरकार शिरले. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात घर साफ करून चुना लावण्याचा हुकूम मालकाला देण्याची तरतूद होतीच. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले आणि ही कागदावरची तरतूद कुंचा घेऊन रस्त्यावर उतरली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा आला, मार्चमध्ये जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत प्लेग समिती बसली. घरांची कौले काढून आत ऊन आणि हवा घेणे, बंबांनी खोल्या धुणे, जंतुनाशके शिंपडणे आणि भिंतींना चुना फासणे, हा तिचा क्रम होता. जी घरे राहण्यास नालायक ठरत त्यांच्या भिंतींवर 'मनुष्यवस्तीस अयोग्य' या अर्थाची 'यू. एच. एच.' ही इंग्रजी आद्याक्षरे रंगवली जात. पुण्यात रँड यांच्या अंमलात झडत्या आणि शुद्धीकरण यांनी काय अनर्थ ओढवला, ते सर्वांना ठाऊक आहे; २२ जून १८९७ च्या रात्रीचा इतिहास पुन्हा सांगायला नको.

त्या इतिहासात आपण गोळ्या लक्षात ठेवतो, चुना लक्षात ठेवत नाही. पण सामान्य माणसाच्या दारात आलेला साम्राज्याचा सर्वांत प्रत्यक्ष स्पर्श कदाचित हाच असेल. एरवी घरची माणसे आपल्या हाताने, आपल्या तिथीला जो पांढरा हात देत, तोच आता परके लोक, न विचारता, न सणाचा, न सोहळ्याचा, देऊ लागले. देव हलवले गेले, सामान अंगणात आले, आणि भिंत पांढरी झाली ती 'येथे रोग होता' हे सांगण्यासाठी. शुभ्रतेचा अर्थ असा रातोरात उलटल्याचे उदाहरण आपल्या सामाजिक इतिहासात दुसरे सहज सापडणार नाही. आणि एवढे करून भिंतीचा अपराध काय होता? प्लेगचे वाहन उंदराच्या अंगावरची पिसू आहे, हे पॉल-लुई सिमाँ याने १८९८ साली कराचीत दाखवून दिले. प्लेगनंतर त्याच वर्षी मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्त्यांत रुंद रस्ते निघाले. असो.

सरकारी दृष्टीतला चुना पुढेही कायद्याच्या पुस्तकांत राहिला. १९४८ च्या कारखाने कायद्याने कारखान्यांच्या भिंतींना सफेदी किंवा रंगसफेदी असेल तर ती किमान दर चौदा महिन्यांतून एकदा करावी, आणि तैलरंग किंवा रोगण असेल तर किमान पाच वर्षांतून एकदा नवे द्यावे, असे बंधन घातले होते. या दोन आकड्यांत एका स्थित्यंतराचे सार आहे. चुन्याचे आयुष्य एक पावसाळा आणि वर थोडे. तेलाचे आयुष्य पाच पावसाळे. हिशेबी माणूस काय निवडेल, हे उघड आहे.

निवडण्यासारखे पदार्थ बाजारात आलेही होते. हावड्याला शालिमारचा रंगाचा कारखाना १९०२ मध्येच निघाला होता. दुसऱ्या महायुद्धात परदेशी रंगांची आवक आटली, तेव्हा १९४२ साली गिरगावातल्या गायवाडीत, एका गॅरेजमध्ये, चार मित्रांनी एशियन पेंट्सचा आरंभ केला. १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी काढलेला, हातात रंगाचा डबा आणि ब्रश घेतलेला खट्याळ 'गट्टू' या कंपनीचा चेहरा झाला. डिस्टेंपर घरात आले ते याच दशकांत. साधे डिस्टेंपर म्हणजे खडूची पूड आणि सरस; कोरड्या प्रदेशात ते शोभून दिसते, पण दमट हवेत सरसावर बुरशी धरते आणि श्रावणात खोलीला कुबट वास येतो. बाहेरच्या भिंतींसाठी सिमेंटचा रंग आला. स्नोसेम हे एका उत्पादनाचे नाव इतके रुळले की मराठीत ते सामान्यनामच झाले. या सिमेंटच्या रंगाचे मला कौतुक वाटते. तो नव्या युगाचा असूनही त्याची प्रकृती चुन्याची होती: भिंत आधी भिजवावी लागे, आणि रंग दिल्यावरही पाणी मारून तो मुरवावा लागे. जुन्या कारागिराला त्यात परके काही वाटले नसेल.

खरा विच्छेद झाला तो तैलरंगाने आणि नंतर प्लास्टिक रंगाने, कारण हे रंग भिंतीत मुरत नाहीत, भिंतीवर कातडे होऊन बसतात. शाळा, कचेऱ्या, इस्पितळे, चाळींचे जिने आठवून पाहा: खालचा चारेक फुटांचा पट्टा गडद तैलरंगाचा आणि वर सफेदी. हात लागून, डोक्याचे तेल लागून भिंत मळू नये म्हणून ही योजना. पण जमिनीतली ओल नेमकी त्याच पट्ट्यातून बाहेर पडू पाहते. चुन्याच्या भिंतीतून ती गुपचूप वाफ होऊन निघून जाई. तैलरंगाच्या कातड्याखाली ती कोंडते, सोबत आणलेले क्षार तेथेच सोडते, रंगाला फुगे येतात आणि मग पोपडे. शिवाय ताजा चुना किंवा ताजे सिमेंट यांचा अल्कधर्म ओलीच्या साह्याने तेलाचा अक्षरशः साबण करून टाकतो. पाण्यात मिसळणारे इमल्शन रंग यापेक्षा समजूतदार आहेत, आणि त्यांतले काही वाफेला वाटही देतात. पण त्यांनाही दमट हवेत सुकायला वेळ लागतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रंग देऊ नये, पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर असावे, हे या धंद्यातले सर्वमान्य नियम कोकणातल्या ऑक्टोबरच्या पहाटेला कसे लागू करायचे? आणि दुपारी तापलेल्या भिंतीवर दिला तर वरची साय लगेच सुकते व आतले पाणी अडकते.

मुंबईच्या चाळींची कथा आणखी वेगळी. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणभाडे १९४० च्या पातळीशी बांधले गेले. भाडेकरूंना त्याचा आधार झाला, यात शंका नाही. पण घरमालकाने बाहेरच्या भिंतीला दरवर्षी चुना देणे हळूहळू बंद केले. प्रत्येक बिऱ्हाड दिवाळीला आपापली खोली आतून रंगवत राहिले, पुढे चकाकणाऱ्या तैलरंगाने रंगवू लागले, आणि बाहेरची भिंत कोणाचीच राहिली नाही. बाहेरून पाणी घेणारी आणि आतून तोंड बांधलेली अशी भिंत किती वर्षे उभी राहणार?

अलीकडे जुन्या वास्तूंच्या जतनाचे काम करणारे वास्तुविशारद सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक रंग खरवडून पुन्हा चुन्याकडे वळले आहेत. अनेक गडांवर चुन्याच्या घाण्यांची वर्तुळे आणि दगडी चाके पडलेली दिसतात. तशाच पद्धतीने चुना मळण्याचा उद्योग काही ठिकाणी नव्याने करावा लागतो. हे चांगलेच आहे, पण ते वाड्यांचे, चर्चचे आणि किल्ल्यांचे झाले. साध्या घरात चुना परत येईल असे मला वाटत नाही. दरवर्षी घर रिकामे करून, चार दिवस ओल्या चुन्याच्या वासात राहण्याची कोणाची तयारी नाही, आणि तशी अपेक्षा बायकांकडून तर मुळीच करू नये. कंपनी डब्यासोबत वर्षांची हमी देते, आणि भिंत ओली होती हे सिद्ध झाले की हमी संपते. फाल्गुनात पोपडे निघतात, तेव्हा घरमालक रंगाऱ्याला बोल लावतो आणि त्याचे उरलेले पैसे अडकवतो.

रंगारी हा शब्द पूर्वी कापड रंगवणाऱ्याचा होता. भिंतीचा रंगारी त्या मानाने नवा. पण या नव्या रंगाऱ्यानेही आपले शास्त्र तयार केले आहे. काम धरण्यापूर्वी तो प्लास्टिकचा एक हातभर चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवतो आणि रात्रभर तसाच ठेवतो. सकाळी चौकोनाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमलेले असले, तर भिंत अजून तयार नाही. ते थेंब तो घरमालकाला दाखवतोही. घरमालक ते पाहतो, मान डोलावतो, आणि वसुबारस किती दिवसांवर आहे ते त्याला सांगतो.